अळवाचा दगड

"'सर, मग मी जन्मलेच नसते तर पृथ्वीला बरं वाटलं असतं का?'… आसंच इचारलं तिनं?"

"अगदी असंच, बाबा."

"आन् तू काय सांगितलंस?"

सुधन्वा गप्प राहिला. गप्प राहायची त्याला मुळीच सवय नव्हती, त्यामुळे ते त्याला नीट जमतही नव्हतं.

हंसगीर बाबांनी भाजलेली शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

"सांग की, मास्तर."

"म्हटलं… पुढच्या तासाला सांगतो."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सुधन्वा देवस्थळी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. हुशार होता, तळमळीचा होता, आणि आपण तळमळीचे आहोत हे चारचौघांना कळावं, अशीही त्याला तळमळ होती. पृथ्वी तापतेय, ध्रुवावरचं बर्फ वितळतंय, जंगलं पेटताहेत, माशांच्या पोटात प्लास्टिक सापडतंय, हे तो वर्गात जीव तोडून सांगायचा. पोरं ऐकायची. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "सर, बर्फ म्हंजे गोळ्यातला का?" आणि सगळा वर्ग खिदळायचा.

तेव्हा त्यानं एक युक्ती काढली. प्रत्येकाला एक कापडी पिशवी दिली. सकाळपासून जे जे वापरलं त्याचा एकेक खडा त्या पिशवीत टाकायचा. दुधाचा खडा, बसचा खडा, वहीचा खडा, कुरकुऱ्यांच्या पुड्याचे दोन खडे. मग ती पिशवी दिवसभर गळ्यात अडकवायची. हा तुझा पृथ्वीवरचा भार!

त्या दिवशी वर्गात कुणी खिदळलं नाही. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. जिल्ह्याचं बक्षीस मिळालं. सुधन्वाला आकाश ठेंगणं झालं.

संध्याकाळी सगळ्यांनी पिशव्या काढून टाकल्या. सातवीतल्या कार्तिकीनं काढली नाही. आधी ती वस्तीवरून बसनं यायची, ती चालत यायला लागली. मग डबा दुसऱ्यांना वाटून टाकायला लागली. मग तिनं तो प्रश्न विचारला. आणि दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली.

"पोरगी जेवंना झालीया, सर. म्हणती, म्या खाल्लं की भार वाढतो. आसं काय शिकवलंत वो तिला?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती विचारत होती.

मुख्याध्यापिकाबाईंनी सुधन्वाला रजा घ्यायला लावली. म्हणाल्या, "खडकमाळाच्या मठात हंसगीर बाबांकडे जाऊन या. आमचे वडील अडले की तिथंच जायचे." विज्ञानाच्या मास्तरानं गोसाव्याच्या दारी जायचं म्हणजे जरा नाक खाली होणारच. पण अडला हरी… पुढचं त्याला ठाऊक होतं. तो सायकलवर टांग टाकून निघाला.

"कवरोक हायेस?" बाबांनी विचारलं.

"रविवारपर्यंत. सोमवारी तिच्या वर्गावर तास आहे. त्याच्या आत मला उत्तर पाहिजे, बाबा."

"मग बक्कळ येळ हाय. आधी आंघोळ कर जा."

"पण उत्तर…"

"धुळीनं माखलायस. आंघोळ कर."

मठाची चूल इंदूमावशी सांभाळायच्या. आवाज असा, की माळावरची मेंढरं मान वर करून बघायची. त्यांनी सुधन्वाला मागच्या अंगाला नेलं. तिथं पाण्यानं भरलेला हौद, आणि हौदाच्या कडेनं न्हाणीचे चार रुंद दगड, मधे तट्ट्यांचे आडोसे.

"हा बाबांचा, हा माझा, त्यो पलीकडचा पुजाऱ्याचा. तुमचा शेवटचा. अळवाचा दगड."

सुधन्वानं नाव ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचं लक्ष हौदाकडे होतं. एवढं पाणी! त्यानं दोन तांबे घेतले. एक डोक्यावर, एक अंगावर. दगड पुरता भिजलाही नाही. पंच्यानं अंग पुसत तो बाहेर आला तेव्हा त्याची मान ताठ होती.

"झाली आंघोळ?" बाबांनी विचारलं.

"झाली. दोन तांब्यांत."

"आरारारा…" बाबा म्हणाले आणि दुसऱ्या शेंगेकडे वळले.

सुधन्वाला वाटलं, म्हाताऱ्याला अजून पटवून द्यायला हवं.

दुसऱ्या दिवशी तो नुसता पंचा भिजवून अंग पुसून आला. भाकरी अर्धीच घेतली. इंदूमावशींनी दुसरी वाढायला हात पुढे केला, तर यानं ताटावर हात आडवा धरला.

"का वो? माझ्या हातची भाकर जड पडती?"

"तसं नाही, मावशी. मी कमीत कमीत भागवतो."

"आमी काय जास्तीत जास्तीत भागवतो व्हय?" मावशी म्हणाल्या आणि ती भाकरी त्यांनी त्याच्याकडे बघत बघत कुत्र्याला घातली. कुत्र्यानं मात्र काहीच तत्त्वज्ञान सांगितलं नाही.

जेवणं झाल्यावर सुधन्वा बाबांच्या पुढ्यात बसला. त्याच्या गळ्यातही पिशवी होती. ती त्यानं काढून बाबांच्या हातात दिली.

"ही माझी. सगळ्या शाळेत सर्वांत हलकी."

बाबांनी ती हातात तोलली आणि परत त्याच्या गळ्यात घातली. "हलकी हाय खरी."

"माणसानं पृथ्वीवर असं राहावं, बाबा… की तो येऊन गेला हे कळूसुद्धा नये."

"आसं तर चोर ऱ्हातो."

सुधन्वाचा चेहरा पडला. आपण चोर? आपण, ज्यानं तीन वर्षांत नवा शर्ट घेतला नाही? रागानं त्याचे कान तापले. या म्हाताऱ्याला जगाची काय कल्पना! दिवसभर शेंगा खायच्या, टरफलं जमवायची आणि आल्यागेल्याची फिरकी घ्यायची.

"माझ्या प्रश्नाचं काय झालं?" त्यानं जरा जोरातच विचारलं.

"आज आंघोळ केलीस?"

"ओल्या पंच्यानं अंग पुसलं."

"आरारारारा…"

असंच आणखी दोन दिवस चाललं. चैत्राचं ऊन माळावर नुसतं रणरणत होतं. सुधन्वा ओल्या पंच्यावर आला होता, तो कोरड्या पंच्यावर गेला. बाबा रोज आंघोळीचंच विचारायचे. इंदूमावशी त्याच्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडायच्या, आणि बाबांनी डोळे वटारले की मिटायच्या. रात्री त्याला झोप लागेना. कार्तिकीची आई डोळ्यांपुढे यायची. पोरगी जेवंना झालीया… आणि इथं एक म्हातारा आपल्याला आंघोळीचं विचारतोय.

शनिवारी सकाळी त्यानं सायकलला कपड्यांची थैली अडकवली.

"निघतो, बाबा."

"उत्तर नको?"

"तुम्ही देणार नाही. तुमच्याकडे नसेलच."

"माझ्याकडं न्हाईच." बाबा उठले. "चल, दावतो कुणाकडं हाय ते."

त्यांनी सुधन्वाचा हात धरला आणि त्याला न्हाणीच्या भिंतीमागं नेलं. चार दिवसांत सुधन्वा तिकडे एकदाही फिरकला नव्हता.

भिंतीच्या बुडातून चार पाट निघत होते. एकेका दगडाखालून एकेक पाट. बाबांच्या दगडाचं पाणी लिंबाला जात होतं, आणि लिंब लगडला होता. इंदूमावशींच्या दगडाखालच्या पाटावर केळी माजल्या होत्या. पुजाऱ्याच्या पाटावर कर्दळ लालभडक फुलली होती.

शेवटच्या पाटावर अळू होतं.

म्हणजे, होतं असं म्हणायचं. पानं जमिनीला टेकली होती. कडा पिवळ्या पडल्या होत्या. दांडे लोळत होते. पाटातल्या मातीला भेगा गेल्या होत्या.

"हे… हे कुणी असं केलं?" सुधन्वानं विचारलं.

मागोमाग आलेल्या इंदूमावशींनी नुसतं न्हाणीच्या भिंतीकडे पाहिलं.

मग त्याला तो दगड आठवला. कोरडा राहिलेला.

"मी?"

"इथली रीत हाय," बाबा म्हणाले. "हिरीचं पाणी सरळ झाडाला घालायचं न्हाई. आधी माणसाच्या अंगावरनं जायचं, मग झाडाला. एका पाण्यात दोघं निघत्यात."

"पण मग कुणीतरी एक घागर ओतायची होती! मावशी, तुम्हाला दिसत होतं ना?"

"मी तर कवाच ओतणार हुते!" इंदूमावशींचा चार दिवस कोंडलेला आवाज सुटला. "ह्येंनीच आडवलं. म्हनलं, त्ये मास्तरचं अळू हाय, त्येच्या अंगावरनंच जाऊ दे. रोज बघायची नि जीव तुटायचा वो माझा!"

सुधन्वा खाली बसला. एक पान त्यानं तळहातावर उचललं. सोडलं तसं ते परत पडलं. चार दिवस तो इथं कुणाला काही त्रास न देता राहत होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

"मी पाणी वाचवत होतो, बाबा…"

"व्हय."

"मी…" अळवासाठी मोठ्या माणसाला रडू यावं हे बरं नव्हे, पण आलं. आणि ते नुसतं अळवासाठी नव्हतं. त्याला डबा वाटून टाकणारी एक पोरगी दिसत होती.

बाबांनी त्याला रडू दिलं. मग त्याच्या पाठीवर थाप मारली.

"ऊठ. दगडावर बस जा."

"आता?"

"न्हाई, दिवाळीला! ऊठ."

सुधन्वा पंचा गुंडाळून, गळ्यातल्या पिशवीसकट दगडावर बसला. बाबांनी काष्टा खोचला, हौदातून घागर भरली आणि ती अशी काही रिती केली, की मास्तरचा श्वासच अडकला.

"हर हर गंगे!"

दुसरी घागर. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पण हात असे चालत होते, जसा काही बैलपोळ्याला बैल धुतोय. पाणी मास्तरच्या डोक्यावरून, खांद्यावरून, मांडीवरून दगडावर, दगडावरून भिंतीखाली. चार दिवसांची धूळ निघाली. तिसऱ्या घागरीला तो ओरडला, चौथीला हसला, पाचवीला स्वतःच "हर हर गंगे!" म्हणाला.

भिंतीपलीकडून इंदूमावशींचा आवाज आला.

"आलं! आलं गं बाई पानी! लागलं अळवाला!"

आणि लगेच,

"फुटला! फुटला! पाट फुटला!"

सुधन्वा ओल्या पंच्यानिशीच धावत सुटला. चार दिवस उन्हात तडकलेला पाटाचा काठ एका जागी खचला होता, आणि सगळं पाणी अळू सोडून माळाकडे पळत होतं. त्यानं दोन्ही हातांनी चिखल थापला. चिखल वाहून गेला. पाय आडवा घातला. पायाखालून पाणी निघालं.

मागून बाबा धापा टाकत आले. त्यांनी एकदा फुटलेल्या काठाकडे पाहिलं, एकदा मास्तरकडे. मग पुढे होऊन त्याच्या गळ्यातली खड्यांची पिशवी हिसकली आणि भोकात कोंबली.

पाणी अडलं. जरासंच. कडेनं अजून झिरपत होतंच.

बाबा चुकचुकले.

"लईच हलकी निघाली रं… आजून धा-पाच खडे आसते तर?"

सुधन्वानं त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे. मग तो चिखलात फतकल मारून बसला आणि पोट धरून हसत सुटला. किती वर्षांनी असा हसत होता, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. इंदूमावशी हसल्या. पुजारी घंटा सोडून बघायला आला आणि काय झालं ते न कळताच हसायला लागला. हसता हसता सुधन्वा सरपटत दगड गोळा करत होता. हाताला येईल तो धोंडा, जितका जड तितका बरा. पाटाचा काठ एकदाचा बांधून झाला आणि पाणी वळून अळवाच्या बुडाशी गेलं.

माती ते पाणी पीत असल्याचा बारीक आवाज येत होता. तो चौघांनीही ऐकला.

त्या दुपारी मास्तरनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथीला इंदूमावशींनी विचारलंच नाही, सरळ वाढली. कुत्र्याचा मात्र त्या दिवशी उपास घडला.

संध्याकाळी त्यानं परत आंघोळ केली. कुणी सांगितलं नव्हतं. मग तो भिंतीमागं जाऊन बसला. चार-दोन पानं लोळतच होती, ती काही आता उठणार नव्हती. पण मधली कोवळी पानं हळूहळू मान वर काढत होती.

बाबा शेजारी येऊन टेकले.

"बाबा, मग मी शिकवलं ते खोटं होतं का?"

"खोटं कशानं? भार हायच. तुझा हाय, माझा हाय. माझ्या टरफलांचाबी हाय."

"बर्फ वितळतंय हेही खरं आहे."

"तू म्हणतोस तर आसंल."

"या अळवानं ते थांबेल?"

"छ्या!"

सुधन्वा गोंधळला. "मग?"

"ते थांबवायला मान्सं लागतील का रं, मास्तर?"

"लागतील. खूप लागतील."

"मग हाय ती पोरगी कशापायी कमी करतोस?"

माळावरून वारा आला. अळवाची पानं हलली, आणि त्यांच्यावर साठलेले थेंब इकडून तिकडे घरंगळले.

रविवारी सकाळी सुधन्वा निघाला तेव्हा त्याच्या डोक्यात सगळा तास तयार होता. मास्तरच तो! जित्याची खोड एका आंघोळीनं जाते थोडीच?

"आधी फळ्यावर जलचक्र काढतो, बाबा. मग माणूस आणि परिसर यांचा परस्परसंबंध. मग कार्तिकीला उभं करतो आणि समजावून सांगतो की…"

"आता ग! उभं करतोस?"

"…नको?"

"शाळंत हात धुवायला नळ कुठं हाय?" बाबांनी मधेच विचारलं.

"मैदानाच्या कडेला. का?"

"पानी कुठं जातं?"

"कुठं नाही. वाहून रस्त्यावर येतं. चिखल होतो नुसता."

"बरं."

बाबा खुरपं घेऊन भिंतीमागं गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात अळवाचा एक मातीनं भरलेला गड्डा होता, कोंब फुटलेला. इंदूमावशींनी आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं ओलं करून त्यावर गुंडाळलं. सुधन्वानं तो सायकलच्या दांडीला हातानं हलवून हलवून, पडणार नाही अशी खात्री करून बांधला.

"हा कार्तिकीला देऊ?"

"तिलाच. नळापाशी लावू दे."

"आणि समजावू काय, बाबा? तिच्या प्रश्नाचं उत्तर… तिला सांगू काय?"

बाबांनी शेंग फोडली. दाणे यावेळी स्वतः खाल्ले नाहीत, त्याच्या तळहातावर ठेवले.

"म्हणावं, पोरी, डबा पोटभर खा… तू हात धुवायची कुणीतरी वाट बघतंय."